बचत गुंतवायची आहे, पहिलं पुस्तक कुठलं घेऊ?

आबोली (तिस्क-उसगाव)

नमस्कार मंडळी. फोंड्याच्या एका खासगी इस्पितळात मी परिचारिका आहे, नोकरीला सहा वर्षं झाली. बचत खात्यात ३ लाख ४० हजार रुपये नुसते पडून आहेत आणि महिन्याला आठ-नऊ हजार मागे राहतात. घरी आई-बाबा आणि बारावीतला भाऊ.

पैसे पडून का आहेत ते सांगते. बाबांचे खनिज वाहतुकीचे दोन ट्रक होते. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधे काही काळ चालल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. दुसऱ्या ट्रकचे हप्ते तेव्हा चालू होते. तो घरामागे दोन पावसाळे उभा राहिला, टायरांतून गवत उगवलं, शेवटी भंगाराच्या भावात गेला. तेव्हापासून घरात गुंतवणुकीचा विषय निघाला की बाबा उठून सोप्यावर जाऊन बसतात. त्यातच मावशीला एका बँकेतल्या माणसाने मुदत ठेव आहे म्हणून सांगून विम्याची पॉलिसी दिली. दुसऱ्या वर्षी हप्ता भरा म्हणून पत्र आलं तेव्हा तिला कळलं.

म्हणून मी ठरवलंय की आधी वाचायचं, मग पैसे हलवायचे. गेल्या शनिवारी पणजीच्या पुस्तकाच्या दुकानात तासभर उभी होते. एक जाडजूड नावाजलेलं पुस्तक उघडलं तर आत अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांचे रोखे. दुसऱ्याच्या मुखपृष्ठावर '३० दिवसांत' असं काहीतरी मोठ्या अक्षरांत. काहीच न घेता कदंबच्या बसमध्ये बसून परत आले.

शेअर म्हणजे काय इतपत ठाऊक आहे, त्यापलीकडे कोरी पाटी. इंग्रजी वाचता येतं. मराठीत मिळालं तर घरच्यांनाही देता येईल. नाइट ड्युटीला अर्धा-पाऊण तास मिळतो, तेवढ्यात वाचता येईल असं पहिलं पुस्तक सांगा.

कुळागर (मडगाव)

बाय, प्रश्न चांगला विचारलास. मी बँकेत ३४ वर्षं काढली आणि तुझ्या मावशीसारखी माणसं काउंटरच्या पलीकडून पाहिली. वाईट वाटतं, पण होतं असं. तू आधी वाचायचं ठरवलंस तेच बरोबर.

पहिलं पुस्तक भारतातलंच घे. मोनिका हालन यांचं 'लेट्स टॉक मनी', २०१८ चं आहे, इंग्रजी सोपं. हे का, तर ते 'कुठला शेअर घेऊ' इथून सुरू होत नाही. सुरुवात पगारापासून आहे. तीन खाती ठेवायची: एकात पगार येणार, दुसऱ्यातून घरखर्च चालणार, तिसऱ्यातून गुंतवणूक. महिन्याच्या सुरुवातीलाच पैसे वाटून टाकले की 'राहिले तर गुंतवू' हा प्रकार संपतो. मग अडीअडचणीचा निधी, आरोग्य विमा, मुदतीचा जीवन विमा, आणि ते सगळं झाल्यावर म्युच्युअल फंड वगैरे. विमा आणि गुंतवणूक एकत्र करू नये हे तिने ज्या तळमळीने लिहिलंय ते मावशीला वाचून दाखव.

तुझ्या ३ लाख ४० हजारांपैकी बराच भाग त्या अडीअडचणीच्या निधीतच जाईल, आणि गेलाच पाहिजे. घरात तुझा एकटीचा पगार नियमित असेल तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय पुढचं पान उलटू नकोस.

तिस्क_नाका (फोंडा)

कुळागर काकांशी मी अर्धा सहमत. ते रोख्यांचं जाड पुस्तक म्हणजे बेंजामिन ग्रॅहॅमचं 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' असणार. १९४९ साली पहिल्यांदा आलं, त्याने स्वतः शेवटचं सुधारलं १९७३ मध्ये, आणि २००३ च्या आवृत्तीत जेसन झ्वाइगने प्रत्येक प्रकरणामागे टिपणं जोडली. जुनं आहे म्हणून टाकून देऊ नका. नावाजलेला गुंतवणूकदार वॉरन बफेट याने प्रस्तावनेत ८ वं आणि २० वं प्रकरण मुद्दाम वाचायला सांगितलंय.

आठव्यात 'मिस्टर मार्केट' भेटतो. धंद्यातला तुमचा भागीदार रोज दारात येऊन तुमच्या हिश्शाचा नवा भाव सांगतो. कधी हर्षवायू झाल्यासारखा चढा, कधी रडवेला होऊन पडेल. त्याचं ऐकायलाच हवं असं नाही, नको असेल तर दार लावून घ्यायचं. मार्च २०२० मध्ये २३ तारखेला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० हून जास्त अंकांनी पडला, तेव्हा मला हे प्रकरण आठवलं आणि मी काही विकलं नाही. ३०-३५ पानांचा मामला आहे. बाकीचं पुस्तक पाच वर्षांनी वाच.

आबोली

काका, देव बरें करूं. सहा महिन्यांचा खर्च काढला, दोन लाखांच्या जवळ जातो. म्हणजे गुंतवायला उरतात दीडेक लाख आणि महिन्याचे आठ हजार. हे कळल्यावरच थोडं हलकं वाटलं, आकडा लहान झाल्यामुळे भीतीही लहान झाली.

तिस्क_नाका, ८ वं प्रकरण नक्की वाचेन, पण दुसरं म्हणून. सुरुवात भारतातल्या पुस्तकाने करते.

मांडवीकाठ (पणजी)

विकत घेण्याआधी पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जा. १८३२ पासूनची परंपरा असलेलं ग्रंथालय आपल्याकडे आहे आणि कदंब स्थानकावरून चालत जाता येतं. कपाटापाशी बसून चार पुस्तकांची दोन-दोन प्रकरणं वाचायची, जे पुढे वाचावंसं वाटेल तेच विकत घ्यायचं. सांगे-काणकोणपर्यंत तालुका ग्रंथालयंही आहेत, तिथे चौकशी करा.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण यात मी स्वतः चुकले. पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठाच्या मागचं पान उघडून छापल्याचं साल बघा. मी एका सेकंड-हँड पुस्तकावर भिस्त ठेवून तीन वर्षं समजत होते की शेअरवरचा दीर्घ मुदतीचा नफा करमुक्त असतो. तो एप्रिल २०१८ पर्यंतच तसा होता. त्यानंतर वर्षाला एक लाखावरच्या नफ्यावर १० टक्के कर आला, आणि २३ जुलै २०२४ पासून सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के झाला. रोख्यांत गुंतवणाऱ्या फंडांना महागाईचा निर्देशांक लावून कर कमी करता यायचा, १ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गुंतवणुकीला ती सोय उरली नाही. लाभांशाचा कर आधी कंपनी भरायची, एप्रिल २०२० पासून तो आपल्या उत्पन्नात धरला जातो. पाच-सहा वर्षांत इतकं बदललं. म्हणजे चांगल्या पुस्तकातलीही कराची पानं दुधासारखी नासतात. स्वभावाविषयीची, शिस्तीविषयीची पानं टिकतात. काय टिकणारं आणि काय नासणारं हे ओळखून वाचलं तर १९२६ सालचं पुस्तकही उपयोगी पडतं.

हो, १९२६ चं म्हणजे जॉर्ज क्लासनचं 'द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन'. मिळकतीतला दहावा हिस्सा आधी स्वतःसाठी बाजूला काढ, एवढं गोष्टीरूपाने सांगितलंय. बारावीतल्या भावाला दे.

साळ (डिचोली)

+१ छापल्याच्या सालाबद्दल.

घरच्यांसाठी मॉर्गन हाऊसेलचं 'द सायकॉलॉजी ऑफ मनी' सुचवते. २०२० चं आहे आणि मराठी अनुवाद मिळतो. काय विकत घ्यावं हे त्यात कुठेच नाही, पैशाशी माणूस कसा वागतो एवढंच आहे. सुरुवातीलाच रोनाल्ड रीड या खऱ्या माणसाची गोष्ट येते. पेट्रोल पंपावर गाड्या दुरुस्त करणारा, नंतर दुकानात झाडू मारणारा. २०१४ मध्ये ९२ व्या वर्षी गेला तेव्हा ८० लाख डॉलरहून जास्त मागे ठेवून गेला, आणि त्यातला मोठा भाग गावच्या इस्पितळाला आणि ग्रंथालयाला. चांगल्या कंपन्यांचे शेअर घेतले आणि कित्येक वर्षं हात लावला नाही, बस. आमच्या आईने हे पान दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून.

खाणपट्ट्यातला (कुडचडे)

आबोली, तुझ्या बाबांचं वाचून राहवलं नाही. आमच्याकडेही तेच झालं.

'रिच डॅड पुअर डॅड' अजून कुणी सुचवलं नाही, पण सुचवतील. १९९७ चं पुस्तक, मराठीतही मिळतं, बसस्थानकावरच्या स्टॉलवरसुद्धा दिसतं. मी ते २०११ साली वाचलं होतं. खिशात पैसे आणते ती मालमत्ता, खिशातून काढते ते देणं, ही त्यातली व्याख्या मला पाठ होती. आमचा ट्रक महिन्याला हप्ता भागवून पैसे आणत होता, म्हणजे पुस्तकाप्रमाणे मालमत्ताच. त्या भरवशावर भावाने दुसरा घेतला, तोही कर्जावर. खिशात येणारे पैसे एका आदेशाने बंद झाले आणि हप्ता बंद होत नाही, तेव्हा काय, हे त्यात मला सापडलं नाही. ट्रक, गॅरेज, टायरचं दुकान, चहाची गाडी, सगळं एकाच खनिजावर उभं होतं. आमच्या वाड्यावर ज्याची बायको शाळेत होती किंवा ज्याचं थोडं सुपारीचं कुळागर होतं, ती घरं सावरली.

पुस्तकाने मला पैशाचा विचार करायला लावला हे मी मानतो. पण पहिलं पुस्तक म्हणून ते देऊ नका, आणि त्यावरून कर्ज तर अजिबात काढू नका. बाबांना सांग, त्यांची चूक मेहनतीची नव्हती. पैसा एकाच जागी होता, आणि आम्हा सगळ्यांचाच होता.

आबोली

हे मी मोबाइलवर बाबांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

शेवंती (वास्को)

पुस्तकांच्या कपाटात 'ऑप्शन ट्रेडिंग'ची, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर पैज लावल्यासारख्या व्यवहारांची रांग सगळ्यात चकचकीत असते, नवख्या माणसाने तिथून पुढे निघून जावं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे की असे फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के लोकांना २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तोटा झाला, एकूण १.८ लाख कोटींवर. माझा चुलतभाऊ टेलिग्रामच्या ग्रुपवरून शिकला आणि बोटीवरची दोन वर्षांची कमाई घालवून बसला. जहाजावर जाणारी पोरं आपल्याकडे किती आहेत, हातात एकदम रक्कम येते, त्यांना हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं.

फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल कार्यालयाची 'राजू आणि चाळीस चोर' ही चित्रमय पुस्तिका फुकट उतरवता येते. फसवण्याच्या चाळीस तऱ्हा, प्रत्येक एक-दीड पानात. आईसाठी मी तिची छपाई करून आणली.

मांडवीकाठ

सेबीच्या गुंतवणूकदारांसाठीच्या संकेतस्थळावरही आर्थिक शिक्षणाची पुस्तिका फुकट आहे, ती मात्र कोरडी आहे. सोमवारची लोकसत्तेची अर्थवृत्तान्त पुरवणी वाचायची सवय लावा, शब्द ओळखीचे होतात.

तिस्क_नाका

दुसऱ्या टप्प्यासाठी जॉन बोगलचं 'द लिटल बुक ऑफ कॉमन सेन्स इन्व्हेस्टिंग', २००७ चं. सामान्य गुंतवणूकदारासाठी पहिला इंडेक्स फंड, म्हणजे निर्देशांकातले सगळे शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड, १९७६ मध्ये याच माणसाने आणला. म्हणणं एकच, पण पक्कं: सगळा बाजार थोडा-थोडा घ्या आणि खर्च कमी ठेवा. त्यातली फंडांची नावं अमेरिकेची, ती सोडून द्यायची. आपल्याकडे तेच तत्त्व निफ्टी ५० च्या, म्हणजे देशातल्या ५० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाच्या, इंडेक्स फंडाला लागू.

खर्चाचं गणित मी वहीत करून पाहिलं. महिन्याला ५ हजार, २० वर्षं, म्हणजे आपल्या खिशातले १२ लाख. वर्षाला १० टक्के धरले तर साधारण ३८ लाख होतात, ११ टक्के धरले तर ४३ लाख. दर मी हिशोबासाठी धरलेत, तेवढे मिळतीलच असं नाही. पण एका टक्क्याच्या फरकात पाच लाख जातात हे खरं. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाची 'डायरेक्ट' योजना असते, तिच्यात मध्यस्थाचं कमिशन नसतं. जुन्या पुस्तकात हा शब्दच सापडणार नाही.

कुळागर

बरोबर. फक्त डायरेक्ट घेणाऱ्याला विचारायला कुणी नसतं हेही लक्षात घ्या. सल्ला हवाच असेल तर सेबीकडे नोंदलेला आणि आपल्याकडून फी घेणारा सल्लागार गाठावा.

सत्तरीकर (वाळपई)

मी कर सल्लागाराकडे काम करतो. इतकी पुस्तकं सुचवली गेली, पण गोव्याच्या माणसाला लागणारं एक प्रकरण मुंबई-दिल्लीच्या एकाही लेखकाच्या पुस्तकात मला दिसलेलं नाही, ते इथे लिहून ठेवतो.

आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. त्यामुळे १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५अ होतं, आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यातही तीच तरतूद आहे: पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे व्याज, घरभाडं, धंद्याचा नफा, शेअर किंवा जमीन विकून झालेला नफा, दोघांत अर्धं-अर्धं धरायचं. ठेव कुणाच्याही नावावर असो. नवऱ्याच्या ठेवीवर ९० हजार व्याज आलं तर ४५ हजार त्याच्या विवरणपत्रात, ४५ हजार बायकोच्या. पगार मात्र ज्याचा त्याचाच. विवरणपत्रात पोर्तुगीज नागरी कायदा लागू आहे का असा प्रश्न येतो, तिथे 'हो' म्हणून जोडीदाराचा पॅन द्यावा लागतो आणि त्या परिशिष्टात कापलेला करही वाटून दाखवावा लागतो. पुस्तकात 'पत्नीच्या नावाने ठेव ठेवून कर वाचवा' किंवा 'तसं केलंत तर उत्पन्न तुमच्यातच धरलं जाईल' असं काही वाचलंत तर ते आपल्यासाठी नाही हे ओळखा. दरवर्षी निदान दहा जण माझ्यापुढे हीच चूक घेऊन येतात, आणि नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर सगळं दाखवून जास्त कर भरलेला असतो.

मृत्युपत्राचंही तसंच. आपल्या वाट्यातला अर्धाच भाग मनाला येईल त्याला देता येतो, उरलेल्या अर्ध्यावर मुलांचा, मुलं नसतील तर आई-वडिलांचा हक्क असतो. आणि नामनिर्देशन केलेला माणूस पैसे हातात घेतो, मालक आपोआप होत नाही.

आबोली, तुझं लग्न झालेलं नाही तोवर तुझ्या स्वतःच्या पैशाला ही वाटणी लागत नाही. पण आई-बाबांच्या ठेवी असतील तर बघ.

कुळागर

सत्तरीकर, हे वाचून बरं वाटलं. ठेवींचा विषय निघालाच आहे तर जोडतो: बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत ५ लाखांपर्यंत विमा आहे, फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी एक लाखच होता. २०२० आणि २०२१ मध्ये गोव्यातल्या दोन नागरी सहकारी बँकांचे परवाने रद्द झाले, तेव्हा लोकांना हा आकडा कळला. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिथल्या ठेवींना हा विमा नाही. पावतीवर बँक लिहिलंय की सोसायटी, ते आज रात्रीच पाहा.

आबोली (अडीच महिन्यांनंतर)

धागा वर काढते, कारण सांगायला काहीतरी आहे.

पाटोवर दोनदा गेले. हालनचं पुस्तक चौदा नाइट ड्युट्यांत संपलं, शेवटी ते विकतच घेतलं, कारण पेन्सिलने खुणा करायच्या होत्या. कराच्या पानांवर 'जुनं' असं लिहून ठेवलंय. ग्रॅहॅमचं ८ वं प्रकरण दोनदा वाचलं. पहिल्यांदा अर्धं डोक्यावरून गेलं, दुसऱ्यांदा तो दारात येणारा भागीदार दिसायला लागला.

दोन लाख वेगळ्या बँकेत मुदत ठेवीत ठेवले, लागतील तेव्हा मोडता येतील असे. मुदतीचा विमा काढला. पोस्टात पीपीएफ उघडलं, पैसे ५ तारखेच्या आत भरायचे हे लक्षात ठेवलंय, नाहीतर त्या रकमेचं त्या महिन्याचं व्याज जातं. निफ्टीच्या इंडेक्स फंडात महिन्याला ३ हजार, डायरेक्ट. पहिल्या महिन्यात ते ३ हजारांचे २ हजार ८६० झाले होते. मी दार लावून घेतलं.

'सायकॉलॉजी ऑफ मनी'चा मराठी अनुवाद सोप्यावर ठेवला होता, आईसाठी म्हणून. एका दुपारी ड्युटीवरून आले तर बाबा चष्मा लावून वाचत होते. जेवताना म्हणाले, "दोन ट्रक घेतले म्हणजे दोन गोष्टी घेतल्या असं मला वाटायचं. ती एकच होती." मग कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी स्वतः रकाने पाडले: बँक, पतसंस्था, पोस्ट, आईचं सोनं. पतसंस्थेचा रकाना सगळ्यात लांब झाला.

उद्या रविवार, सगळ्या पावत्या काढून बसणार आहोत. सत्तरीकर, एवढंच विचारायचं होतं: पतसंस्थेच्या व्याजालाही ती अर्धी-अर्धी वाटणी लागतेच ना? सगळ्या पावत्या बाबांच्याच नावावर आहेत.

सत्तरीकर

लागते. व्याज कुठूनही आलेलं असो. पावत्यांबरोबर आईचं पॅन कार्डही काढून ठेव, आणि नसेल तर सोमवारी आधी तेवढा अर्ज कर.